शहरातली भाजी आणि शेळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही आधी भाजी लावली आणि चार वर्षांनी दोन शेळ्या आणल्या. कुंपणापाशी थांबून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत, म्हणून जे स्वतः केलंय किंवा जनावरांच्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतलंय तेवढंच लिहिलंय.

सुरुवात भाजीपासून करू की शेळीपासून?

भाजीपासून. पालक वाळला तर बी पुन्हा टाकता येतं. एक पूर्ण हंगाम वाफे सांभाळलेत की आपण पावसात, आळसात, पाहुणे आलेले असताना रोज बाहेर पडतो की नाही, हे आपलं आपल्याला कळतं. ते कळेपर्यंत जनावर आणू नका.

भाजीचा काडीकचरा शेळ्यांना पुरेल ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून निम्मे लोक शेळीचा विचार सोडतात. नाही पुरत. जवळपासही येत नाही.

हिशेब मांडून बघा. शेळीला रोज वजनाच्या तीन ते चार टक्के चारा लागतो, तोही त्यातलं पाणी वजा करून मोजलेला. तीस किलोची शेळी असेल तर एक ते सव्वा किलो. ताज्या पाल्यात चार-पंचमांश पाणीच असतं. म्हणजे नुसत्या हिरव्यावर ठेवायचं म्हटलं तर दोन शेळ्यांना दिवसाला दहा-बारा किलो पाला आणावा लागतो. अर्धी भूक वाळलेल्या चाऱ्यावर भागवली तरी वर्षाला दोन टनांच्या आसपास हिरवा पाला हवाच. आमच्या वीस चौरस मीटरच्या वाफ्यांतून मुळ्याची पानं, कोबीची बाहेरची पानं, वाटाण्याचे वेल असं मिळून आठवड्याला एखादी पाटी निघते. दोघी ती पंधरा मिनिटांत फस्त करून पुन्हा तोंडाकडे बघत बसतात.

बाग शेळीला पोसत नाही, शेळी बागेला पोसते. ही दिशा एकदा डोक्यात पक्की झाली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. शेळी घेण्याआधी शोधायची गोष्ट म्हणजे चाऱ्याची वाट: झाडं छाटणारे लोक, सुकं गवत विकणारा, ते साठवायला कोरडी खोली. आमच्याकडे जागेचा जास्तीत जास्त भाग चाऱ्यानेच अडवलेला आहे, शेळ्यांनी नाही.

पण शेळी काहीही खाते म्हणतात…

म्हणणाऱ्याने शेळी पाळलेली नसते. तिचे ओठ आपल्या बोटांसारखे चालतात. नवी वस्तू ती ओठांनी चाचपते, म्हणून तिच्या तोंडात कागद किंवा सदऱ्याची बाही दिसते. खाण्याच्या बाबतीत ती गाईपेक्षा कितीतरी चोखंदळ असते. जमिनीवर पडलेला, स्वतःच तुडवलेला चारा ती हुंगते आणि पाठ फिरवते. पाला खांद्याच्या उंचीवर टांगा, नाहीतर निम्मा वाया जाईल. उंचावरचं खाणं तिच्या पोटालाही बरं, कारण जंतांच्या अळ्या गवताच्या अगदी खालच्या काही सेंटिमीटरमध्ये चढून बसतात. जमिनीलगत कुरतडलेल्या गवतावर चरणारी शेळी त्या सगळ्या गिळते.

चोखंदळपणाचा भरवसा मात्र भुकेल्या शेळीकडून धरू नका. कण्हेर, घाणेरी, यू (शोभेचं एक सूचीपर्णी झाड), ऱ्होडोडेंड्रॉन, अव्होकाडोची पानं, चेरी-पीचच्या कुळातल्या झाडांचा कोमेजलेला पाला, हे सगळं विषारी आहे. शहरात शोभेची झाडं जास्त असल्यामुळे हा धोका शहरातच मोठा. शेजारी प्रेमाने छाटलेल्या फांद्या कुंपणावरून टाकतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की विचारल्याशिवाय काही टाकू नका. नव्या जागी सोडायचं तर आधी पोटभर सुकं गवत घालून सोडा.

कायद्याने परवानगी असते का?

प्रत्येक शहराचं वेगळं, कधी एकाच शहराच्या दोन भागांचंही वेगळं. अमेरिकेतल्या सिॲटलने २००७ साली बुटक्या जातीच्या शेळ्यांना परवानगी दिली, पण शिंगं काढलेली हवीत आणि नर खच्ची केलेला हवा अशा अटी घालून. अनेक शहरांत शेळी ‘शेतीचं जनावर’ या वर्गात मोडते आणि तिथेच विषय संपतो. नगरपालिकेत विचारताना नुसतं ‘शेळी पाळू का’ असं विचारू नका. किती जनावरं, शेजारच्या भिंतीपासून किती अंतर, शेण-मुताची विल्हेवाट कशी, दूध विकता येतं का, असे चार वेगळे प्रश्न करा आणि उत्तर लेखी घ्या. भाड्याची जागा असेल तर मालकाचं, गृहसंस्था असेल तर तिचंही. तोंडी होकार पहिल्या तक्रारीबरोबर हवेत विरतो.

एकच शेळी पाळली तर चालेल?

नाही. कळपातलं जनावर एकटं पडलं की दिवसभर ओरडतं, आणि शहरात ते ओरडणं म्हणजे नोटिशीला आमंत्रण. किमान दोन. दुसरी दुभती नको असेल तर खच्ची केलेला नर सोबतीला ठेवता येतो. त्याला धान्य जवळजवळ देऊच नका. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडे अडकतात, आणि लघवी तुंबलेलं जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं.

जागा किती लागते?

छपराखाली प्रत्येकीला दहा-पंधरा चौरस फूट आणि हिंडायला त्याच्या दुप्पट-तिप्पट तरी उघडी जागा. त्याहून जास्त दिली तर ती वाया जात नाही. चढायला काहीतरी हवंच: मोठा दगड, लाकडी पेटी, जुनं टेबल. खूर त्यावर घासले जातात आणि त्यांचा वेळही जातो. ते चढण्याचं साधन कुंपणापासून लांब ठेवा. आम्ही पहिल्या आठवड्यात पेटी कुंपणालगत ठेवली होती. संध्याकाळी दोघी शेजारच्यांच्या गुलाबात.

कुंपण कसं असावं?

चार फुटांपेक्षा कमी नको, उड्या मारणाऱ्या जातीला पाच. शिंगवाल्या शेळीचं डोकं पाच-सहा इंची चौकटीच्या जाळीत आत जातं आणि बाहेर येत नाही, म्हणून भोकं चार इंचांच्या आत. कडी अशी लावा जी ओठांनी उघडता येणार नाही. कुंपण शेळी बाहेर जाऊ नये म्हणून असतं तितकंच कुत्रा आत येऊ नये म्हणून. शहरात शेळ्या मारणारं जनावर म्हणजे कुत्रा, मग तो मोकाट असो की शेजाऱ्याचा लाडका. रात्री गोठा बंदच करायचा.

वास येतो का?

माजावर आलेल्या बोकडाला येतो, आणि तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. शिंगांच्या मागे ग्रंथी असतात, शिवाय तो स्वतःच्या दाढीवर मुततो. शहरात बोकड ठेवू नका. शेळी फळवायची असेल तर तिला बोकडाकडे घेऊन जा. शेळीला स्वतःला फारसा वास नसतो. जो येतो तो मुताने ओल्या झालेल्या अंथरुणातल्या अमोनियाचा. भुसा किंवा वाळलेली पानं रोज वरून टाका, खालचा थर ओला लागला की उचला. माश्याही त्यानेच कमी होतात.

आणि आवाज?

पोट भरलेली, सोबत असलेली शेळी शांत असते. माजाचे एक-दोन दिवस मात्र ओरडते, साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा. शेजाऱ्यांना हे आधीच सांगा. करडू आईच्या दुधापासून तोडलं की पहिले दोन-तीन दिवस कोणालाच झोप नाही.

शहरातल्या मातीत भाजी लावणं सुरक्षित आहे का?

मातीच्या इतिहासावर आहे. शहरी मातीतली मुख्य भीती शिशाची. ते दोन वाटांनी येतं: जुन्या इमारतींचा रंग आणि गाड्यांचा धूर. गाड्यांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल जगातून पूर्ण हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडलं, अल्जीरिया शेवटचा देश. पेट्रोल थांबलं तरी जमिनीत पडलेलं शिसं कुजत नाही, वाहूनही फारसं जात नाही. वरच्या काही इंचांत बसून राहतं. त्यामुळे जुन्या भिंतीलगतची पट्टी आणि रस्त्याकडेची पट्टी संशयित धरायची. माती प्रयोगशाळेत द्या. सुपीकतेची चाचणी वेगळी आणि जड धातूंची वेगळी, हे देताना स्पष्ट सांगा.

शिसं निघालं तरी सगळं संपलं असं नाही. टोमॅटो, वांगी, काकडी, शेंगा यांच्या फळात ते फार कमी उतरतं. मुळा-गाजरासारखी कंदमुळं आणि पालेभाज्या तिथे नकोत, त्यातही पालेभाज्यांना चिकटलेली धूळच जास्त घातक. बाहेरून आणलेली माती भरून उंच वाफे करणं सगळ्यात सोपं. खाली जाड कापड अंथरा, वाटांवर लाकडाचा चुरा टाका म्हणजे धूळ उडत नाही. भरपूर कंपोस्ट आणि उदासीनाच्या जवळ राखलेला सामू (पीएच) यांनी शिसं मातीला बांधलेलं राहतं.

शेळीवाल्यांनी याच प्रश्नात एक गोष्ट बघून ठेवावी. रंगाचे पोपडे निघालेला दरवाजा गोठ्यात असेल तर तो खरवडून आणि पुसून घ्या, किंवा काढूनच टाका. शेळ्या पोपडे चाटतात.

फक्त गच्ची आहे. काय काय करता येईल?

भाजी येईल, शेळी नाही. शेळीला गच्चीवर उन्हातून सुटका नसते, मूत खालच्या घरात झिरपतं आणि कठडा तिला उडीचं आव्हान वाटतो.

भाजीच्या बाबतीतही आधी वजन. ओल्या साध्या मातीचा एक चौरस मीटर वाफा फक्त दहा सेंटिमीटर खोल भरला तरी दीडशे ते दोनशे किलो होतो. टोमॅटोला तीस सेंटिमीटर हवेत, म्हणजे अर्धा टन. त्यामुळे नारळाचा भुसा, कंपोस्ट असं हलकं मिश्रण वापरा, जड कुंड्या तुळई आणि भिंतींच्या वर ठेवा, आणि वाफे बांधण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा. जागाच नसलेल्या वस्त्यांनी यावर सुंदर तोड काढलेली आहे. नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत मातीने भरलेली पोती उभी करून, त्यांच्या बाजूंना भोकं पाडून पालेभाजी लावतात. मधोमध दगडगोट्यांचा खांब ठेवतात, म्हणजे पाणी तळापर्यंत पोचतं.

ऊन आणि पाणी किती?

टोमॅटो-वांगी-काकडीला सहा तासांच्या वर थेट ऊन. पालेभाज्या तीन-चार तासांतही भागवतात. शेजारच्या इमारतीची सावली वर्षभरात सरकत राहते, तेव्हा एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात बघून मगच वाफ्याची जागा ठरवा. कडक उन्हात चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी जातं. दुभत्या शेळीलाही उन्हाळ्यात पाच ते दहा लिटर लागतं, आणि तिला घाणेरडं पाणी चालत नाही. एक लेंडी पडली तरी बादली बदला. आमच्याकडे ते नाकारलेलं पाणी थेट वाफ्यात जातं.

लेंड्या सरळ वाफ्यात टाकल्या तर?

झाडाच्या दृष्टीने चालतात. लेंडी कोरडी, घट्ट, हळू सुटणारी; कोंबडीच्या ताज्या विष्ठेसारखी मुळं जाळत नाही. अडचण खाणाऱ्याची आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात साल्मोनेला आणि ई-कोलाय या जंतूंचे घातक प्रकार असू शकतात, जनावर ठणठणीत दिसत असलं तरी. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत टाकल्यापासून काढणीपर्यंत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी १२० दिवस आणि इतरांसाठी ९० दिवस सोडायला सांगितलंय. पालक तर दीड महिन्यातच ताटात येतो. तेव्हा कंपोस्टच करा.

तीस किलोची शेळी दिवसाला किलोभर तरी ओला माल देते, वर भिजलेला भुसा. त्याचा निदान एक मीटर लांब-रुंद-उंच ढीग हवा. लहान ढीग तापत नाही. लेंडी कोरडी असल्याने पाणी शिंपडावं लागतं, मुठीत दाबलं तर एखादा थेंब यावा इतपत ओल पुरे. आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली पाहिजे आणि ढीग पंधरा दिवसांत चार-पाचदा उलटला पाहिजे, म्हणजे कडेचाही माल मध्यात जाऊन शिजतो. लांब दांड्याचा थर्मामीटर ही आमच्या अवजारांतली सगळ्यात कमी दिसणारी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे भाजीवाले हीच उष्णता कामाला लावायचे. शहरातल्या घोड्यांची ताजी लीद जाड थरांत रचून, वर माती आणि काचा टाकून ते ऐन हिवाळ्यात कोवळा सॅलड पाला विकायचे. घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि त्या वाफ्यांखालची उष्णताच गेली.

खतात लपणारी एक आफत माझ्यावर येऊन गेली, म्हणून जरा विस्ताराने. गवतावर मारायची अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं गवताला इजा करत नाहीत, रुंद पानांची झाडं मारतात. तो चारा शेळीने खाल्ला तर तिला काही होत नाही, पण औषध लेंडीतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि कंपोस्ट होऊनही उरतं. त्या वर्षी माझ्या टोमॅटोचे शेंडे वेडेवाकडे वळले, पानं कपासारखी आत मुडपली, आणि मी तीन आठवडे विषाणूला दोष देत झाडं उपटत होतो. चूक गवताच्या गंजीत होती. आता प्रत्येक नव्या ढिगातलं कंपोस्ट दोन कुंड्यांत घालतो, शेजारी साध्या मातीच्या दोन कुंड्या ठेवतो आणि चारींत घेवड्याचं बी टाकतो. दोन-तीन आठवड्यांत घेवडा निकाल सांगतो. मुडपला तर ते खत हिरवळीवर टाकायचं, भाजीला नाही. आणि चारा घेताना विकणाऱ्याला विचारायचं की काय फवारलंय.

दूध किती मिळेल?

जातीवर, खुराकावर आणि ती किती वेळा व्यायली त्यावर. सानेनसारखी मोठी दुधाळ शेळी दिवसाला तीन लिटर किंवा त्याहून जास्त देते. नायजेरियन ड्वार्फ ही खांद्यापर्यंत दोन फुटांच्या आतली बुटकी जात लिटरभर किंवा थोडं जास्त, पण दाट. सडातून दूध येण्याआधी तिने विणं आवश्यक आहे, हे नव्या शहरी माणसाच्या लक्षात येत नाही. गाभणपण सुमारे १५० दिवसांचं. बहुतेकदा जुळी.

मग त्या करडांचं काय करायचं?

विचारलंत हे चांगलं झालं, कारण बहुतेक लोक करडू हातात आल्यावर विचारतात. निम्मे नर असणार. त्यांना दूध नाही, फळवायला शंभरांत एखाद-दुसरा पुरतो, आणि तुमच्याकडे जागा नाही. उरतात तीन मार्ग: खच्ची करून सोबतीसाठी कोणाला तरी देणं, वाढवायला विकणं (ते पुढे कापलं जाणार हे समजून), किंवा स्वतः मांसासाठी वाढवणं. चौथा मार्ग, ‘बघू नंतर’, हा फसवा आहे. आमच्या घरात यावर दोन रात्री वाद झाला आणि मग पहिली दोन्ही नर करडं एका मोकळ्या जागेवाल्या माणसाला दिली. त्याने त्यांचं पुढे काय केलं हे मी विचारलं नाही, आणि ते न विचारणं हा प्रामाणिकपणा नव्हता. आता फळवण्याआधीच गिऱ्हाईक ठरवतो. दर वर्षी विऊ देत नाही. चांगली दुभती शेळी नीट पिळत राहिलं तर पुन्हा न विताही दुसऱ्या वर्षी थोडं थोडं देत राहते.

करडू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. बाकीचं नंतर.

दूध कच्चं प्यायलं तर?

आम्ही तापवतो. ब्रुसेलोसिस आणि क्यू फीव्हर हे जंतूंमुळे होणारे दोन्ही आजार शेळीकडून माणसाला होऊ शकतात. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद पुरतात. थर्मामीटर नसेल तर सरळ उकळी आणा. क्यू फीव्हर दुधापेक्षा हवेतून जास्त पसरतो, विशेषतः विताना आणि गाभडताना बाहेर पडणाऱ्या वार-पाण्यातून. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात दुधाच्या शेळ्यांच्या गोठ्यांतून त्याची साथ पसरली, चार हजारांहून जास्त माणसांना लागण नोंदली गेली आणि हजारो गाभण शेळ्या मारून टाकाव्या लागल्या. त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असेल तर त्यांनी शेळीच्या बाळंतपणाजवळ फिरकू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका, त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ते बहुधा सोसत नाही.

आजारी आहे हे ओळखायचं कसं?

रवंथ थांबला की लक्ष द्या. डाव्या कुशीत मूठ दाबून धरा; मिनिटाला एक-दोनदा आतून हालचाल जाणवली पाहिजे. ती कुशी ढोलासारखी ताठली असेल तर पोटफुगी, तेव्हा डॉक्टरला फोन आधी आणि घरगुती उपाय नंतर. अंगाचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअसपर्यंत ठीक. दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून बघा: आत लालसर हवी. फिकट किंवा पांढरट दिसली तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. दक्षिण आफ्रिकेत याच खुणेवरून रंगांचा तक्ता तयार केला गेला, कारण सरसकट औषध पाजून जंतच औषधाला सरावले होते. खूर दीड-दोन महिन्यांनी तासा. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराची) लस चुकवू नका. धान्याचं पिंप मात्र कडी-कुलपात: एका रात्रीत पोटभर धान्य खाल्लेली शेळी सकाळपर्यंत टिकेलच असं नाही. आणि डॉक्टर आधी शोधा, शेळी मग. शहरातले बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांपुरतेच असतात.

यातून पैसे मिळतात का?

दोन शेळ्या आणि वीस चौरस मीटर यांतून नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात विल ॲलन या माजी बास्केटबॉलपटूने १९९३ साली एक जुनी रोपवाटिका घेऊन ‘ग्रोइंग पॉवर’ उभं केलं. काचगृहं, मासे, गांडूळखत, शेळ्या, सगळं शहराच्या आत. २००८ साली ॲलन यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला, जगभरातून लोक बघायला येत. २०१७ साली कर्जाच्या ओझ्याखाली ती संस्था बंद पडली. खर्च कमी करायचा असेल तर भाजी करते, त्यातही रोज थोडी थोडी खुडता येणारी पालेभाजी. शेळी खर्च वाढवते आणि खत देते.

रिकाम्या प्लॉटवरचं रान खायला शेळ्या सोडल्या तर?

चालतं, आणि मोठी माणसंही करतात. शिकागोच्या ओहेर विमानतळाने २०१३ साली झुडपं साफ करायला शेळ्या-मेंढ्यांचा कळप आणला होता. आधी तो प्लॉट स्वतः पायाखाली घाला: काचा, तारा, जुनी बॅटरी, फवारणी.

चार दिवस बाहेरगावी जायचं झालं तर?

वाफ्यांना जाड आच्छादन आणि ठिबक पुरतं. दुभती शेळी बारा तासांनी पिळावीच लागते, नाहीतर कास दुखते आणि पुढे सुजते. बदली माणूस आधीपासून तयार करा, निघायच्या आदल्या दिवशी नाही. निदान आठवडाभर त्याच्या हातून पिळून घ्या. परक्या हाताला शेळी पान्हा चोरते. आमची मोठी पहिल्यांदा शेजारच्या काकूंना अर्धा पेलाही देईना. शेवटी काकूंनी माझा गोठ्यातला जुना सदरा अंगात घातला, तोच खुराक त्याच डब्यात वाजवला, आणि दुसऱ्या दिवशी बादली भरली. तो सदरा आता धुवायचा नाही असा घरात नियम आहे.